हललेल्या ओठांचं बंदर

अहो, त्या बाईंना बाजूला व्हायला सांगू नका! राहू द्या तिथंच. कळलं मला, तुम्हाला कस्टम हाउसचा फोटो हवाय, खांबांसकट, पायऱ्यांसकट, आणि ही लाल स्वेटरवाली नेमकी मधोमध येऊन उभी राहिली. ती चुकून आलेली नाही. समोरच्या बेकरीतून तुमचा फोन वर गेलेला दिसला म्हणून हातातलं काम टाकून आली आहे. काढा फोटो. काढलात? बघा, ओठ हलताहेत तिचे. झालं, गेली परत. तिच्या पावाला उशीर होतोय.

या ॲशवेल बंदरात तुम्ही कुठंही जा, हे असंच व्हायचं. दीपगृहापाशी, पांढऱ्या मनोऱ्याच्या चर्चपुढं, मासळीबाजारात. फोटो काढायला कुणी उभं राहिलं की गावातलं एखादं माणूस चौकटीत येऊन थांबतं, काहीतरी पुटपुटतं आणि आपल्या वाटेनं जातं. बाहेरून आलेले लोक आधी चिडतात, मग हसतात. सकाळी संग्रहालयात जुने फोटो पाहिलेत ना? बर्फ विकणारा, दोरखंड वळणाऱ्या बाया, न्हाव्याच्या दुकानाबाहेर बसलेले म्हातारे, दीपगृहाच्या दारात राखणदाराची बायको. सगळं कसं लख्ख आलंय, अगदी कोटाची बटणं मोजता येतात, आणि तोंड मात्र प्रत्येकाचं पुसट. या मिशीवाल्या भाऊसाहेबांनी लगेच शेरा मारला, की फोटोग्राफर नवशिका दिसतोय. मी तेव्हा काही बोलले नाही. म्हटलं, जागेवर नेऊन सांगू.

बसा इथं कठड्यावर. टोप्या सांभाळा, वारा वाईट आहे. आणि एक आधीच सांगते, याला पुरावा मागू नका. ज्या म्हातारीनं मला हे सांगितलं तिला तिच्या आजीनं सांगितलं होतं. मला इथं येऊन पंचेचाळीस वर्षं झाली, तेवढ्यात तीन तऱ्हांनी ऐकलंय. मला जे पटलं ते तुम्हाला सांगते.

दीडशे वर्षांपूर्वी हे बंदर ऐन भरात होतं असं सांगतात. धक्क्याला गलबतं खेटून उभी, मिठाच्या पोत्यांच्या थप्प्या, आणि कॉडचे ढीग. कॉड म्हणजे इथला मासा, चांगला हातभर लांब. त्याला चिरून, मीठ लावून, लाकडी मांडवांवर वाळत घालायचे. मी वेंगुर्ल्याची, त्यामुळं तो वास कसा असेल हे मला कुणी सांगायला नको. तर अशा या गजबजलेल्या गावात सायलस मार्डन नावाचा एक फोटोग्राफर राहत होता. उंच, काटकुळा, औषधांनी बोटं काळी पडलेली. धक्क्याच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ होता. माणूस वाईट नव्हता हो. पण त्याला दगड आवडायचे. कमानी, खांब, मनोरे, पायऱ्या. माणूस मध्ये आला की त्याचं डोकं फिरायचं.

तेव्हा फोटो म्हणजे आजच्यासारखं बोट टेकवलं आणि झालं, असं नव्हतं. काचेच्या तावदानावर औषध लावायचं, ती काच पेटीत घालायची, भिंगावरचं झाकण काढायचं आणि संथपणे वीस मोजून परत लावायचं. तेवढ्या वेळात जे हललं ते फोटोत यायचंच नाही. चालता माणूस नाहीसा व्हायचा. घोड्यानं मान हलवली तर घोडा यायचा, मान यायची नाही. त्यामुळं मार्डनच्या फोटोंत हा भरलेला धक्का ओस पडलेला दिसायचा. त्याला तेच हवं होतं. उभ्या राहिलेल्यांवर तो ओरडायचा, 'बाजूला व्हा! बाजूला व्हा!' गावातली पोरं त्याच्यामागं त्याची नक्कल करत फिरायची म्हणे.

गावच्या पुढाऱ्यांनी त्याला एक आल्बम करायला सांगितला होता. कुठल्यातरी मोठ्या प्रदर्शनात ठेवायचा होता. ॲशवेलच्या सगळ्या ठळक वास्तू, देखण्या, स्वच्छ. अकरा उन्हाळे मार्डन त्या कामात होता. शेवटचा फोटो राहिला होता तो या कस्टम हाउसचा.

आता दुसरीकडची गोष्ट ऐका. खाली त्या मांडवांवर मासळी फिरवायला एक विधवा बाई होती, इनासिया फुर्ताडो. आडनाव ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडं किनाऱ्याला ऐकू येतं. ही पोर्तुगालच्या बेटांवरून आलेली. तिला एकच मुलगा, बेंतो. तेवीस वर्षांचा. 'पेशन्स' नावाच्या गलबतावर मासेमारीला जायचा, गलबत बंदरात असलं की मिठाची पोती उचलायचा. हसरा, थोडा वात्रट, आणि आईचा जीव की प्राण. स्टुडिओत बसून तसबीर काढून घेणं हे तेव्हा कप्तानांचं आणि व्यापाऱ्यांचं काम. खलाशाचा फोटो कोण काढतो?

जून महिन्यात, एका सणाच्या दिवशी, बेंतो चर्चला जायचा कोट घालून या चौकातून चालला होता. मार्डननं पेटी मांडलेली. नेहमीचा आरडाओरडा झाला, लोक पांगले. मार्डननं झाकण काढलं आणि खिशातल्या घड्याळाकडं बघत मोजायला लागला. त्याची ती सवयच होती, एकदा झाकण निघालं की नजर घड्याळावर. तो दोनवर असेल नसेल, तेवढ्यात बेंतो टणाटण चढून तिसऱ्या पायरीवर गेला, इकडं तोंड केलं आणि खांबासारखा उभा राहिला. मार्डननं मान वर केली तेव्हा पंधरा मोजून झाले होते. तो किंचाळला. बेंतो ढिम्म. वीस झाले, झाकण बसलं, तसा बेंतोनं लवून सलाम केला आणि पळाला.

पळत गेला तो थेट मांडवांवर. म्हणाला, "आई, मी फोटोत आलो! कस्टम हाउसच्या फोटोत! वीस मोजेपर्यंत पापणीसुद्धा हलवली नाही बघ."

इनासिया आधी रागावली, परक्याच्या कामात कशाला लुडबुड केलीस म्हणून. मग दिवसभर शेजारच्या बायांना सांगत सुटली, की माझा बेंतो आल्बमात जाणार.

आणि सप्टेंबरात तुफान झालं. 'पेशन्स' परत आलं नाही. नऊ माणसं होती. एकाचंही प्रेत हाती लागलं नाही. चर्चमध्ये रिकाम्या जागेपुढं प्रार्थना झाली, नऊ घरांत नऊ ताटं कमी झाली, आणि काय करणार? मांडवांवरची मासळी फिरवावीच लागते. इनासिया चौथ्या दिवशी कामावर आली.

सहा आठवड्यांनी तिच्यावर दुसरं संकट कोसळलं. तिला बेंतोचा चेहरा आठवेना. हसू नका, होतं असं. चाल आठवायची, आवाज आठवायचा, पाठमोरा आठवायचा. चेहरा आणायला जावं तर हातातून निसटायचा. ती घाबरली. पोर गेलं ते गेलं, आता मनातलंही जायला लागलं. आणि मग तिला आठवलं, की फोटो आहे! ती तशीच, मीठ लागलेल्या हातांनी, मार्डनच्या जिन्यावरून वर गेली.

"मिस्टर मार्डन," ती म्हणाली, "कस्टम हाउसच्या फोटोत माझा मुलगा आहे. मला तो एकदा बघायचाय. देऊ नका, नुसता दाखवा."

मार्डन तिच्याकडं बघेना. कारण त्यानं काय केलं होतं, माहीत आहे? बेंतो पळाला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो नुसता धुमसत होता. आल्बम द्यायची मुदत आलेली, पुढं आठवडाभर धुकं. दुसरी काच घ्यायला उजेडच नाही. मग त्यानं तीच काच समोर ठेवली, डोळ्याला भिंग लावलं, आणि बारीक चाकूच्या टोकानं तो माणूस खरवडून काढला. मोकळ्या झालेल्या जागी रंगाचा हलका हात फिरवून पायऱ्या जुळवल्या. इतकं बेमालूम काम झालं, की पुढाऱ्यांनी त्या फोटोची फार वाखाणणी केली.

हे त्या आईला कसं सांगणार? तो म्हणाला, "ती काच फुटली, फुर्ताडोबाई."

ती म्हणाली, "मग तुकडे द्या. मी जोडते."

"तुकडे टाकून दिले."

"कुठं?"

त्यानं खिडकीतून बोट दाखवलं. "खाली. धक्क्यामागं, पाण्यात."

त्याला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली तशी इनासिया कपडे खोचून धक्क्यामागच्या चिखलात उतरली. काचा शोधायला. बंदराच्या चिखलात काय कमी काचा असतात? फुटक्या बाटल्या, कंदिलांच्या चिमण्या. एकेक तुकडा ती उचलायची, पदरानं, म्हणजे आपल्या एप्रनच्या टोकानं पुसायची, उजेडात धरायची, आणि टोपलीत टाकायची. भरती आली की वर, ओहोटी लागली की खाली. दुसऱ्या दिवशी मांडवांवरच्या आणखी दोघी तिच्याबरोबर उतरल्या. बोटं कापली, चिंध्या बांधल्या, पुन्हा उतरल्या.

आणि हे सगळं मार्डनला वरच्या खिडकीतून दिसत होतं. तो पडदा लावायचा आणि पुन्हा बाजूला करायचा. पहिल्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या अकरा वर्षांच्या काचा एकेक करून उजेडात धरल्या, म्हणाला असेल, कुठंतरी हा पोरगा सापडेल. रोज धक्क्यावर राबणारा माणूस, एखाद्या कोपऱ्यात तरी असेल. दीडशेच्या वर काचा होत्या. धक्का होता, पोती होती, गलबतं होती, चर्च होतं. माणूस नव्हता. बेंतोच काय, बुडालेल्या नऊ जणांपैकी एकही नव्हता. ज्या बंदराचे आपण फोटो काढले ते गाव आपण कधी पाहिलंच नाही, हे त्याला तेव्हा उमगलं असं सांगतात, आणि मला वाटतं, इथं सांगणाऱ्यांनी थोडं वाढवलं असेल. पण लाज वाटली असणार. माणूसच होता तो.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारच्या ओहोटीला, मार्डन ती काच फडक्यात गुंडाळून खाली उतरला. चांगले बूट घातलेले, तसाच चिखलात शिरला. बायांनी वर पाहिलं. त्यानं इनासियाच्या पुढं जाऊन फडकं सोडलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "काच फुटली नव्हती. मी खोटं बोललो. तुमचा मुलगा यावर होता. मी त्याला पुसला."

तिनं काच हातात घेतली, आभाळाकडं धरली. पायऱ्या दिसत होत्या. तिसऱ्या पायरीवर नखाएवढी जागा तेवढी गढूळ होती. त्या नखाएवढ्या जागेवर तिनं चिंधी बांधलेलं बोट ठेवलं. शेजारची एक बाई मार्डनच्या अंगावर धावून गेली म्हणे. इनासियानं तिला हातानं अडवलं.

मग विचारलं, "पुसायला किती वेळ लागला?"

मार्डन म्हणाला, "अर्धी दुपार."

"अर्धी दुपार तुम्ही माझ्या पोराच्या तोंडाकडं बघत होता?"

"हो. भिंगातून."

"मग सांगा," ती म्हणाली, "कसा दिसत होता?"

आता बघा हं. साऱ्या गावात, साऱ्या जगात म्हणा, तो चेहरा नीट ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता, आणि तो म्हणजे हा पुसणारा. मार्डन चिखलात उभा राहून सांगायला लागला. केस ओले करून चापून बसवले होते, तरी कपाळावर एक बट सुटली होती. उन्हामुळं डावा डोळा जरासा बारीक केला होता. उजव्या भुवईत एक तुटक रेघ होती. हनुवटीवर दाढी करताना कापल्याची खूण. ओठ घट्ट मिटलेले, कारण हसू दाबत होता, त्यामुळं गालाला एका बाजूनं खळी पडली होती. इनासिया डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "भुवई लहानपणी फुटली होती. मांडवावरून पडला होता." आणि तिला तो दिसला हो. अख्खा दिसला. ती तिथंच चिखलात बसून मोठमोठ्यानं रडली. काही जण सांगतात, ती रडली नाही, ताठ उभी राहिली. मला नाही पटत. आई आहे ती.

पाणी चढायला लागलं तशी ती उठली आणि मार्डनला म्हणाली, "पेटी घेऊन पायऱ्यांवर चला."

इथंच, या चौकात, त्यानं पेटी मांडली. तिनं त्याला तिसऱ्या पायरीवर उभं केलं, जिथं बेंतो उभा होता तिथं. झाकण कसं काढायचं ते विचारून घेतलं. आणि म्हणाली, "मी वीस मोजणार. मोजून होईपर्यंत त्याचं नाव घ्यायचं. थांबायचं नाही."

मार्डन म्हणाला, "बोललो तर तोंड येणार नाही फोटोत."

"न येऊ दे," ती म्हणाली.

तिनं झाकण काढलं. पोर्तुगीज भाषेत मोजायला लागली, चांगलं सावकाश. आणि सायलस मार्डन, ज्यानं आयुष्यभर लोकांना बाजूला हाकललं, तो त्या पायरीवर ताठ उभा राहून म्हणत राहिला, बेंतो फुर्ताडो, बेंतो फुर्ताडो, बेंतो फुर्ताडो. धक्क्यावरचे हमाल थांबले. बेकरीतले लोक बाहेर आले. कस्टमचे कारकून खिडक्यांत जमले. त्या चौकात तेव्हा तिचं मोजणं आणि ते नाव, याखेरीज दुसरा आवाज नव्हता असं सांगतात.

काच धुतल्यावर मार्डन स्वच्छ आला होता, कोट, बूट, चिखल, सगळं. ओठांच्या जागी तेवढं धुकं.

इनासियानं तो फोटो घरी नेऊन चुलीवरच्या फळीवर ठेवला. येणारं-जाणारं विचारायचं, हा कोण? ती सांगायची, "माझ्या मुलाचं नाव घेतोय तो." मार्डनला तिनं माफ केलं की नाही, ते कुणी सांगत नाही. मीही विचारलं होतं एकदा. माझ्या त्या म्हातारीनं नुसते खांदे उडवले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मार्डन खाली आला तर दारात आठ घरची माणसं उभी होती. 'पेशन्स'वर बुडालेल्या बाकीच्या आठ जणांची. कुणाचा बाप गेलेला, कुणाचा नवरा, एकीचा तर ठरलेला नवरा. त्यांनी काही मागितलं नाही. एकेकानं आपापली जागा दाखवली. इथं तो पोती उचलायचा. इथं बसून जाळं शिवायचा. या दारात मला भेटायचा. आणि त्या त्या जागी उभं राहून एकेकानं नाव घेतलं. मार्डननं त्यानंतर जन्मात कुणाला बाजूला व्हायला सांगितलं नाही. अठ्ठावीस वर्षं तो गावभर फिरला. दीपगृहाचा फोटो काढायचा तर आधी विचारायचा, कुणाला उभं राहायचंय? राखणदाराची बायको यायची. बर्फवाला यायचा. हात कामात असले तरी चालायचं, फक्त हलवायचे नाहीत. हलायचे ते ओठ. ते सगळे फोटो तुम्ही सकाळी पाहिलेत. त्यांना वाटलं असतं तर तोंड मिटून छान फोटो आले असते, भाऊसाहेब. त्यांनी स्वतःची तोंडं गेलेल्या माणसांना दिली.

मार्डन मेला तेव्हा कुणीतरी पायरीवर उभं राहून त्याचंही नाव घेतलं म्हणतात. कुणी घेतलं, यावर मात्र गावात अजून वाद आहे.

आजही ॲशवेलमध्ये कुणी फोटो काढायला लागलं की माणूस येऊन उभं राहतं ते यासाठी. आता तुमचे फोन एका क्षणात काम उरकतात, ओठ पुसट व्हायला वेळच देत नाहीत. त्यामुळं हल्लीच्या फोटोंत आमच्या गावची माणसं अर्धवट तोंड उघडून उभी असतात, बावळटासारखी. असू देत. तुम्ही तुमच्या घरी जाऊन तो फोटो चारचौघांना दाखवता, ते विचारतात ही बाई कोण, आणि तिनं घेतलेलं नाव तेवढं लांब पोचलेलं असतं. बेकरीवालीनं आत्ता कुणाचं घेतलं ते मला ठाऊक आहे. पण ते तिचं आहे, मी सांगणार नाही.

माझं सांगते. आमचे हे इथल्या जहाजांच्या कारखान्यात इंजिनियर होते. जाऊन अकरा वर्षं झाली. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. आमच्याकडं बायका घेत नसत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, तेही लाजत, अर्धं गिळून. पुढं सगळं 'अहो' वर भागलं. ते गेले त्या वर्षी ही लाल स्वेटरवालीच माझा हात धरून या पायऱ्यांपाशी घेऊन आली. चढले तिसऱ्या पायरीवर, आणि जीभच उचलेना. समोर कुणीतरी जपानी पाहुणा कॅमेरा धरून ताटकळलेला, बिचारा. तो तसाच थांबला. बऱ्याच वेळानं घेतलं मी नाव. इतकी वर्षं तोंडात जपून ठेवलेलं, ते त्या चौकात मोठ्यानं ऐकलं आणि मला वाटलं, ओ देतील.

जरा हात द्या मला, पायऱ्या उंच आहेत. तुम्ही तिथूनच काढा फोटो, खांबांसकट येऊ द्या. आणि बोट लगेच उचलू नका हं. पूर्ण नाव घेते मी, वडिलांच्या नावासकट.